गदेचा वेग

यंदा कसब्यातल्या आमच्या मंडळाच्या हलत्या देखाव्यातली दोरी गेली आणि मोबाइल आला. मंडळातल्या पूर्वानं प्रोग्रॅम लिहिला होता: काचेवर बोट जितक्या वेगानं ओढाल, तितक्या वेगानं भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीवर येईल. “फसलं तर पुढच्या वर्षी पुन्हा दोरी,” अध्यक्षांनी बजावलं. उद्घाटनाच्या खुर्चीवरल्या साहेबांच्या हातात मोबाइल देत पूर्वा म्हणाली, “साहेब, बोट अगदी हळू ओढा.” साहेबांना दिवसभर रील्स सरकवायची सवय. त्यांनी बोट फर्रकन ओढलं. गदा सणसणत आली आणि दुर्योधनाचा पाय तुटून साहेबांच्या मांडीवर पडला. अध्यक्ष दोरी शोधू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून चंद्रभागाकाकू म्हणाल्या, “इतकी वर्षं भीम नुसते पाय चेपत होता. आज मारलं खरं.” मांडवातून ‘वन्स मोअर’ सुरू झालं. पूर्वा साहेबांकडे दुर्योधनाचा पाय मागायला गेली.