सिंधीपुऱ्यातले कूलरवाले

सुनंदाकाकींनी कूलरमध्ये तिसरी बादली ओतली आणि बाहेरच्या खोलीत डोकावून पाहिलं. सतरंजीवर पाच जण आडवे झाले होते. दोघं समोरच्या कडूंकडचे, तिघं शेजारच्या पंडितांकडचे. सगळे गाढ झोपलेले. देवा, तुझे किती उपकार मानू, काकी मनाशी म्हणाल्या.

सिंधीपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना कूलरवाले म्हणतात. किल्ला बघायला येवोत नाहीतर आमरस हाणायला, दुपारी बारानंतर सगळ्यांची गत एकच. पूर्वी गल्लीत कूलर एकट्या काकींकडे. त्यामुळे पाहुणे कुणाचेही असोत, जेवले की दुपार काढायला काकींच्या घरी. काका जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, पण मे महिना कसा भरल्या घरासारखा जायचा.

मग घरोघरी कूलर आले. दोन उन्हाळे काकींच्या उंबऱ्याशी कुणी चप्पल म्हणून काढली नाही. यंदा चैत्रात नळावर काकी तृप्तीला सहज बोलून गेल्या. म्हणाल्या, कूलर भंगारात देते आणि इंदूरला भाच्याकडे जाऊन राहते. भिंतींशी किती बोलायचं माणसानं? तृप्ती म्हणजे समोरच्या कडूंची सून, एरवी मोठी बोलकी. त्या दिवशी मात्र घागर भरून गुपचूप निघून गेली.

आणि मे लागतो न लागतो तोच तृप्ती पाहुणे घेऊन दारात हजर.

"काकी, हमारा तो कूलरच गया. दुपारभर यांना ठेवून घ्याल का?"

ठेवून घ्याल का म्हणे! दोन दिवसांनी पंडितांचा कूलर बंद पडला, मग पलीकडच्या घरातल्या गायत्रीचा. मेकॅनिकला टाइमच नाही म्हणे. काकींना तर दिवस पुरेना. सकाळी पन्हं, दुपारी माठात वाळा, संध्याकाळी मावा जलेबी. कडूंची पाहुणी मृणाल समुद्रकाठच्या गावची. तिच्या गल्लीत उन्हाळ्यात येणाऱ्यांना वाळूवाले म्हणतात, कारण जाताना अंथरुणात ओंजळभर वाळू ठेवून जातात. तिकडे आम्ही तुम्हाला हसतो, इकडे तुम्ही आम्हाला, असं ती म्हणाली आणि काकी हसून हसून बेजार झाल्या. किती दिवसांनी हसलो, हे त्यांचं त्यांनाच आठवेना.

पण समोर नजर गेली की हातातला घास ताटातच राहायचा. तृप्तीची आजेसासू सोजरबाई ऐंशी पार केलेली. दिवसभर दारात बसून टॉवेलनं वारा घ्यायची. मान घामोळ्यांनी लाल झालेली. काकींनी दोनदा बोलावलं, तर म्हातारी म्हणाली, पाहुण्यांना जागा पुरू दे बाई, आम्हाला सवय आहे.

चव्वेचाळीस डिग्रीची कसली आलीय सवय! काकींचं मन खायला लागलं. इतवाऱ्यातला जीवन मेकॅनिक त्यांच्या ओळखीचा, एका हाकेवर येणारा. इतके दिवस आपल्याला त्याची आठवण का झाली नाही, हेही त्यांना चांगलं ठाऊक होतं. कूलर सुरू झाले की उंबरा पुन्हा ओस पडणार. मग आहेच इंदूर.

दोन दिवस त्या आतल्या आत कुढल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला.

"तिन्ही घरचे कूलर नीट करून दे. आणि माझं नाव कुठं घेऊ नकोस."

त्या दुपारी त्यांनी सगळ्यांना रसाची वाटी जास्तीची वाढली. पाहुणे झोपल्यावर उंबऱ्याशी पडलेल्या चपला जोडीनं नीट लावून ठेवल्या. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण महिनाभर देवानं घर भरून दिलं, आणखी काय मागायचं? त्या देवापुढं हात जोडून बसल्या.

चार वाजता जीवन आला. पिशवी खांद्यावरच होती.

"झाले का सुरू?" काकींनी विचारलं.

"मला तर कुणी बोलावलंच नव्हतं, काकी. तुमचाच पहिला फोन."

"बरं, पण बिघाड काय होता?"

जीवननं पिशवी खाली ठेवली.

"बिघाड कसला? तिन्ही घरांत मोटरची वायर सोडवून गुंडाळून ठेवलेली. मी जोडून दिली, तर सोजरआजींनी माझ्याकडूनच ती पुन्हा काढून घेतली."