पंचवीस किलोंचा ताण

“चिठ्ठीत आहे तेवढंच ओढणार. वर नाही, खाली नाही,” बदलीवर आलेल्या नव्या बाईंनी ठणकावलं आणि तारा ताणायच्या यंत्रावरची धूळ फडक्यानं पुसली. धूळ नव्हतीच.

गटिंगवाले काका उजवा हात गळ्यात अडकवून दारात उभे होते. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर. काल न्हाणीघरात साबणावरून पाय घसरला आणि तीस वर्षं रॅकेटमध्ये तारा भरणारा हात नेमका उपांत्य फेरीच्या आदल्या दिवशी कामातून गेला. “घसरायला दुसरा मुहूर्त नाही मिळाला?” असं काकू म्हणाल्या होत्या.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या त्या खोलीत ताईच्या चार रॅकेटी तारा भरून, भिंतीशी टेकून तयार होत्या. तिची मॅच तीनला. आता दहा वाजले होते.

“एवढ्या चार रॅकेटी ताण दोन किलो उतरवून पुन्हा भरा. ऐका माझं.”

“खेळाडूनं येऊन सांगितलं तर भरीन. तुम्ही माझ्या जागी असता, तर चिठ्ठी सोडून भरल्या असत्या का?”

 गेली चार वर्षं काका दुसरं काय करत होते?

ताई म्हणजे सगळ्यांचीच ताई. पस्तीस वर्षांची, या टेनिस स्पर्धेत एकेरी खेळणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यांत मोठी. चौदाव्या वर्षी पहिली रॅकेट घेऊन ती काकांकडेच आली होती. चार वर्षांपूर्वी तिचा खांदा उघडून शिवला. डॉक्टरांनी बजावलं, कोचनं हात जोडले: तारा सैल ठेव, ताठ तारांचा दणका सरळ खांद्यात जातो. ताई सगळ्यांदेखत उसळली. “आकडा खाली आणीन त्या दिवशी घरी बसेन!” आणि पुढच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहून मोकळी झाली, पंचवीस किलो.

काकांनी ती चिठ्ठी वाचली, खिळ्याला अडकवली आणि यंत्र तेवीसवर लावलं. तेव्हापासून हेच चाललं होतं. प्रत्येक वेळी ताई रॅकेट तळहातावर आपटून आवाज ऐकायची, “बरोबर” म्हणायची आणि जायची. मोठी आली कानाची, असं मनात म्हणत काका तोंड लपवायला एखादं रीळ शोधत बसायचे.

गटिंग करणाऱ्याला एकच धर्म असतो, चिठ्ठी. ती मोडणाऱ्याच्या हातात कुठलाही खेळाडू पुन्हा रॅकेट देत नाही. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. पण आज यंत्रावर या बाई होत्या, आणि बाईंचे पंचवीस म्हणजे खरेखुरे पंचवीस. एवढ्या ताणानं तो खांदा दुसऱ्या सेटपर्यंतसुद्धा टिकला नसता. समोर एकोणीस वर्षांची दांडगी पोरगी आणि आठ वर्षांनी ताईच्या वाट्याला आलेली उपांत्य फेरी. भिंतीजवळच्या रॅकेटींकडे त्यांना बघवेना. चिठ्ठीकडे तर ते वळलेही नाहीत. तिच्यावरचा आकडा त्यांना पाठ होता.

ताई वरच्या मजल्यावर फिजिओच्या टेबलावर पालथी पडली होती. खांद्यावर तेल, तोंड उशीत.

“काय काका, हात मोडून बसलात? लागलं का फार?”

“लागलं ते जाऊ दे. तुला एक सांगायचंय.” काकांनी फिजिओकडे पाहिलं. तो काही हलेना. मग काकांनी सगळं त्याच्यादेखतच सांगून टाकलं. तू पंचवीस लिहीत होतीस, मी तेवीस भरत होतो. चार वर्षं. प्रत्येक रॅकेट. “चूक माझी आहे. पुन्हा माझ्याकडे रॅकेट देऊ नकोस, पण आज त्या बाईंना जाऊन तेवीस सांग. एवढं ऐक.”

फिजिओचे हात थांबले. ताईनं उशीतून तोंड काढलं नाही.

“काका,” ती शेवटी म्हणाली, “आधी जाऊन चिठ्ठी वाचा.”

आवाज जड होता. चिडल्यावर तिचा आवाज असाच व्हायचा. तीस वर्षं तारा भरणाऱ्या माणसाला चिठ्ठी वाचायला शिकवतेय, काकांना वाटलं, आणि लगेच वाटलं, शिकवणारच. त्यांचा तिच्यावर राग नव्हता. फक्त त्या जिन्याच्या वीस पायऱ्या उतरायला फार वेळ लागला. मधे एकदा ते कठड्याला धरून थांबले आणि त्यांनी डोळे पुसले. डाव्या हातानं नीट पुसताही येईनात.

“येतायत का त्या?” बाईंनी विचारलं.

“नाही. चिठ्ठी वाचा म्हणाली.”

“मग वाचा ना.” बाईंनी खिळ्यावरची चिठ्ठी काढून दिली. “सकाळी सातलाच देऊन गेल्या. तुम्ही पडल्याचं कुणीतरी कळवलं होतं म्हणे. खालच्या ओळीचा मला काही अर्थ लागला नाही, तुम्हाला लागतो का बघा.”

काकांनी चष्मा नाकावर चढवला. अक्षर ताईचंच होतं, तसंच ठळक. चार रॅकेटी. ताण तेवीस किलो. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘काका, हात लवकर बरा करा. मग मी पुन्हा पंचवीस लिहीन.’