साठवणीतला उंबर

"तुमच्या रिक्षाची कॅशे साफ करा, ती जुनी साठवण पुसून टाका," नगरपालिकेचा अभियंता बोडस म्हणाला. "चौकातला उंबर तोडून आठवडा झाला, तरी ही अजून त्याला वळसा घालते. मागची सगळी वाहतूक अडते."

मंदाताई तेंडोलकर जागच्या हलल्या नाहीत. त्यांची विनाचालक रिक्षा नेहमीचे रस्ते साठवून ठेवलेल्या चित्रावरूनच कापायची. त्या चित्रात उंबर अजून उभा होता, पारासकट. त्याला प्रदक्षिणेसारखं उजव्या हाताला ठेवून जायचं, हे रिक्षाला त्यांनीच शिकवलं होतं.

"झाड पाडताना विचारलं होतंत का कुणाला? आता विचारताय, तर ऐका. नाही पुसणार."

"रिक्षा जप्त करावी लागेल."

"खुशाल करा! तुमच्या आवारात येतानासुद्धा ती उंबराला वळसा घालूनच येईल."

बोडस चडफडत आपल्या कोऱ्या करकरीत विनाचालक गाडीत बसला. तिने उंबर कधी पाहिलाच नव्हता. ती पुढच्या गाड्यांचं बघून रस्ता शिकत होती. मंदाताई घराच्या फाटकातून बघत राहिल्या. चौक आला. मोकळ्या डांबरावर बोडसची गाडी हळू झाली आणि उंबर उजव्या हाताला ठेवून सावकाश वळली.