फसलेली कादंबरी

कोचबाईंनी तेरावं प्रकरण उघडलं. बाहेर पोहण्याच्या तलावात सकाळच्या बॅचनं धुडगूस घातला होता आणि सहायक घसा फोडून ओरडत होता. एरवी बाईंनी नुसतं वळून पाहिलं तरी पोरं चिडीचूप व्हायची. आज बाई केबिनचं दार आतून लावून कादंबरी वाचत होत्या.

कादंबरी मैत्रिणीची होती. सहावीपासूनची मैत्रीण, एका डब्यात जेवलेली. विषय काय, तर दोन मैत्रिणी आणि वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं एक गुपित. आता या दोघी कोण, हे कोचबाईंना कुणी वेगळं सांगायची गरज होती का? अख्ख्या जगात ते गुपित दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक लेखिका निघाली! लेखक लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. मेले मी, असं म्हणत कोचबाईंनी पान उलटलं.

नोकरी गेली तर गेली, त्याची त्यांना फिकीर नव्हती. भीती होती ती बुडबुड्याची. चार वर्षांचा असताना तो गावाबाहेरच्या तळ्यात बुडता बुडता वाचला, म्हणून हे नाव. वाचवणाऱ्या मुलीचा तेव्हा केवढा सत्कार झाला, पुढे तिला तलावावर नोकरीही मिळाली. बुडबुड्या आता कॉलेजात शिकवायचा, पुस्तकांवर पेपरात लिहायचा, भल्याभल्यांची पिसं काढायचा. पण कोचबाईंसमोर आला की अजून वाकून पाया पडायचा आणि म्हणायचा, "मावशी, हा जन्म तुझा." कोचबाईंना पोटचं पोर नव्हतं. जे काही होतं ते हेच.

आणि कादंबरी कशी, तर जबरदस्त! पाण्याचा वास यावा असं लिहिलं होतं बयेनं. दोघी घरच्यांची नजर चुकवून निघतात, तळ्याच्या काठाशी येतात, काहीतरी भयंकर घडणार म्हणून वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. कोचबाईंचा तर थांबलाच होता.

आणि मग, काठावर एक पेटी सापडते. पेटीत दागिने. दागिन्यांमागून एक हरवलेली जुळी बहीण.

"जुळी बहीण!" कोचबाई खुर्चीतून उडाल्याच. "अगं बाई, जुळी बहीण!"

उरलेली पानं त्यांनी धडाधड उलटली. एकाहून एक रद्दी. त्या गुपिताचं कुठे अक्षरही नव्हतं. केबिनमध्ये त्यांनी एक गिरकी घेतली, टेबलाचा कोपरा कमरेत बसला, तरी हसू थांबेना. तसाच फोन लावला.

"काय भिकार शेवट केलायस गं!"

"आवडला ना?" मैत्रीण म्हणाली.

"फार! जीव भांड्यात पडला माझा."

"मग झालं तर. शनिवारी वाचनालयात चर्चा आहे. पुढच्या रांगेत बस, मला धीर येईल."

शनिवारी कोचबाई नवे कपडे घालून सगळ्यांच्या आधी हजर. हॉल गच्च भरला. बोलणार होता साक्षात बुडबुड्या. त्यानं पहिली बारा प्रकरणं डोक्यावर घेतली आणि तेराव्यापासून जी सोलायला सुरुवात केली, की विचारू नका. "जुळी बहीण पेटीत नव्हती, एवढंच काय ते नशीब," तो म्हणाला. लोक खो खो हसले. कोचबाई तर टाळ्या पिटून हसल्या.

हसता हसता त्यांनी मंचावर पाहिलं. मैत्रीणही हसत होती. पण तिचा अंगठा पुस्तकाच्या कव्हरवर घासत होता, एखादा डाग पुसावा तसा. किती वर्षं लिहीत होती ती हे! शाळेत शिकवून, सासूचं दुखणं काढून, पहाटे उठून. बारा प्रकरणं लिहिणारीला तेरावं लिहिता येत नव्हतं? कोचबाईंना एकदम कळलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. येत होतं. चांगलं येत होतं. आपल्यासाठी तिनं हातानं वाटोळं केलं होतं त्या पुस्तकाचं, आणि आपण टाळ्या पिटत बसलोय.

"शेवटी एवढंच म्हणेन," बुडबुड्या म्हणाला, "लेखिकाबाईंच्या हातात भाषा आहे. पण मैत्रीसाठी माणूस काय काय करतं, हे त्यांना कधी कळलेलंच नाही."

टाळ्या पडल्या. "बरोबर आहे तुमचं," मैत्रीण मान डोलवत म्हणाली.

कोचबाई उठल्या. मैत्रिणीनं ओळखलं. ती डोळे मोठे करून, ओठांनीच "बस खाली" म्हणत होती.

"तू गप्प बस," कोचबाई तिला म्हणाल्या. "खूप वर्षं गप्प बसलीस, आता मला बोलू दे." मग बुडबुड्याकडे वळल्या. "ऐक रे. हिला घरून पोहायची बंदी होती. कळलं असतं तर शाळा सुटली असती. म्हणून त्या दिवशी हिनं तुला तळ्यातून काढून माझ्या मांडीवर टाकलं आणि ही झाडीतून पळाली. दोघींच्या टोप्या सारख्या होत्या. पलीकडच्या लोकांनी लांबून पाण्यात टोपीच बघितली होती; धावत आले तर तीच टोपी माझ्या डोक्यावर, मांडीवर तू, मी ओलीचिंब. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर हिनंच दुसऱ्या दिवशी शपथ घातली."

बुडबुड्याच्या हातातले कागद खाली आले होते.

"मी ओली झाले होते ती तुझ्यामुळे, बाळा. त्या दिवशी मी तळ्यात पायसुद्धा घातला नव्हता."