लाल चिठ्ठीची दशमी

कारखान्याच्या मालकांनी, रामकिसनरावांनी, पांढऱ्या चिठ्ठीचं ताट स्वतःपुढं ओढलं आणि लाल चिठ्ठीचं ताट भट्टीवरच्या बायांकडं सरकवलं. आवडाबाई बघत राहिली. चितेगावात तीन कारखान्यांत तिची हयात गेली होती, पण इतकं निर्लज्ज सरकवणं तिनं पाहिलं नव्हतं.

लाल ताटातल्या दशम्या बारा दिवसांपूर्वीच्या. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी बंद पाकिटात पाचव्या दिवशी बुरशी धरते; या मात्र लॅबमधली टिकाऊपणाची भुकटी घातल्यामुळं स्वच्छ राहिल्या होत्या. पांढऱ्या ताटातल्या आज सकाळीच भाजलेल्या, बिनभुकटीच्या. आता फक्त चव जुळायची होती. लाल ताटातली बायांनी खायची, पांढऱ्यातली मालकांनी खायची, आणि मग दोघांनी मिळून सांगायचं की चव एकच आहे. ही असली परीक्षा मालकांच्याच डोक्यातून निघू शकत होती. जुळली तर मुंबईच्या दुकानांत माल जाणार आणि चौदा बायांचं काम कायम होणार. नाहीतर भट्टी बंद.

"घाबरायचं काही नाही," लॅबवाला फकिरा बायांना म्हणाला. "प्रोपियोनेट आहे. फॅटी ॲसिडपासून बनवलेलं एक प्रकारचं मीठ. तुपात आम्लं असतात ना, त्यांचंच धाकटं भावंड. बुरशीला वाढू देत नाही, माणसाला काही करत नाही." तो खरं बोलत होता. बिचाऱ्याला खरं बोलायचाच पगार होता.

"ऐकलंत? तूपच समजा," रामकिसनराव तोंडात घास कोंबत म्हणाले. "वा, आवडाबाई. झकास जमलीय." त्यांनी दुसरी दशमी उचलली. फुकटचं असलं की या माणसाला भूक लई.

साळूबाईनं लाल ताटातला तुकडा हातात धरला होता. तो तोंडाकडं जाईना.

"मालक," ती हळूच म्हणाली, "तुमी बी यातला एक घास घ्या की."

"मला कशाला?" मालक हसले. "मला कळतंय ना त्यात काय आहे. नखरे करू नका. घरी तीन दिवसांचं शिळं खाता, तेव्हा विचारता का कुणाला?"

साळूबाईची मान खाली गेली. आवडाबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. गप्प बसलं तर काम कायम होणार होतं, तोंड उघडलं तर जाणार होतं. एवढं कळायला तिला फकिराच्या डिग्रीची गरज नव्हती.

"खा गं साळू," ती म्हणाली. "मालकांच्या ताटात बी तेच हाय."

रामकिसनरावांचा जबडा जागच्या जागी थांबला. "म्हणजे?"

"सकाळच्या कणकेत बी भुकटी घातली मी. डब्यात उरली व्हती. तेवढीच, मापानं."

"पांढऱ्यात घालायची नाही म्हणून सांगितलं होतं ना, बाई?" फकिरा कपाळाला हात लावून म्हणाला.

"सांगितलं व्हतं. पण एका पंगतीत दोन वाढणं आमच्यात चालत नाय, सायब. सोयऱ्याला येक अन् सालगड्याला येक, असं माझ्या हातनं कवाच झालं नाय. आज बी व्हईना."

मालकांनी तोंडातला घास हातरुमालात थुंकला. खुर्ची मागं पाडून ते कोपऱ्यातल्या बेसिनकडं धावले. खाकरून खाकरून चुळा भरू लागले, बोट घालून जीभ खरवडू लागले. दीड दशमी मात्र केव्हाच पोटात गेली होती.

"साहेब, अहो, त्यानं काही होत नाही," फकिरा मागून सांगत होता. "ब्रेडमध्ये असतं ते. आत्ता तुम्हीच म्हणालात, तूप समजा."

पाण्याचा आवाज थांबेना. आवडाबाई उठली. साळूबाईच्या हातातला तुकडा तिनं काढून ताटात ठेवला आणि मालकांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. तिच्या मागं साळू, साळूच्या मागं सारजा, एकेक करून सगळ्याच आल्या.

"नळ बंद करू नका, मालक," ती म्हणाली. "मागं आमी चौदाजणी चुळा भरायला हाव."