कुणाच्या तोंडून

शब्दकोशाच्या कार्यालयात एक नियम होता: शब्द कुणाच्या तोंडून ऐकला, ते चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय तो कोशात जात नसे. धंदा सोडून दहा वर्षं झालेली मावशी त्या नियमाच्या भरवशावरच तिथे आली होती. धंदेवाल्या बायकांना लोकांनी ठेवलेली नावं संपादकांना हवी होती, आणि तिच्याकडे तर त्यांची पोतडीच होती.

"कसबीण, वेसवा, नायकीण आमच्याकडे आहेत," संपादक म्हणाले. "काही वेगळं सांगा."

"सांगते. पण बोलणाऱ्याचं नाव गाळायचं नाही, साहेब. माझी लेक कॉलेजात जाते. उद्या ती हा कोश उघडेल. नुसते शब्द दिसले, तर तिला वाटेल ही आईची लायकी. पुढे नाव दिसलं, तर कळेल ती कुणाची जीभ."

"नियम म्हणजे नियम! बोला."

"'दुपारची मैना'. हे फौजदाराचं. 'बिनलग्नाची सवत', हे वाण्याच्या बायकोचं." मावशी नावं-आडनावं घडाघडा सांगत गेली, संपादक खुशीत चिठ्ठ्या भरत गेले.

"आणि हे घ्या, 'जिन्याखालची महाराणी'."

संपादक खुर्चीतच उसळले. "वा! काय थाट आहे! हा तर पानाच्या माथ्यावर छापू. कोण हो हा रसिक?"

"तुमचे वडील."

पेन चिठ्ठीवर टेकलं ते तिथेच राहिलं. मावशीने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"लिहा ना, साहेब. की त्यांचंही पूर्ण नाव मीच सांगू?"