वर चढलेलं नाव

इर्याबाईंनी ते विमान हॉलच्या दारातूनच ओळखलं. हातभर लांब, पिवळंधमक, पोटाखाली पाण्यावर उतरायचे दोन फ्लोट आणि कुशीवर लाल अक्षरांत ‘ऑटर बे एअरवेज’. नाव नाकापासून शेपटीकडे जाता जाता चांगलं दोन बोटं वर चढलं होतं.

बाईंना आधी लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, कारण पिवळा अगदी खऱ्या विमानाचाच होता. थोडा नारिंगीकडे झुकणारा, त्यांनी स्वतः डब्यात ढवळून काढलेला.

टेबलापाशी वाद रंगला होता. परीक्षक प्रेंटिस टॉर्च मारून वाकून बघत होते. समोर रोलंड बुशे, निवृत्त पोस्टमन. मॉडेलांच्या या स्पर्धेत चार वर्षं ओळीनं दुसरा.

“नावाची डेकलपट्टी वाकडी बसलीय, रोलंड. पाण्यात भिजवून सरकवताना हात हलला तुझा.”

“हात हलला नाही, साहेब. मुद्दाम तशी बसवलीय. खऱ्या विमानाचा हा फोटो बघा.”

“फोटो कोनातून काढलाय. त्यात सरळ ओळही चढलेली दिसते. नियम तुला माहीत आहे. काही वेगळं केलंस तर पुरावा दे. पुरावा असेल तर पहिला नंबर तुझा, रंगकाम बघून मी खूश आहे. नसेल तर ही चूक धरणार.”

म्हणजे पुन्हा दुसरा. खिशातून रुमाल काढून रोलंडनं चष्मा पुसला, पुसायची गरज नसताना.

इर्याबाईंनी चाळीस वर्षं केनोरा गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. फुटपट्टी न लावता. आणि हे ऐकवल्याशिवाय त्यांनी कुणालाही चहा पाजला नव्हता. बरोबर आलेली नणंद मॉड त्यांची बाही ओढत होती, तिकडे खाण्याच्या टेबलावर बटर टार्ट संपत आले म्हणून.

“वाकडीच होती ती,” बाई म्हणाल्या. “मीच रंगवली.”

टेबलाभोवतीची माणसं वळली.

“काय सांगता, वहिनी?” मॉडनं बाही सोडली. “तुम्ही तर म्हणायचात, विनिपेगहून कोणी दारुडा पेंटर आला होता.”

“खोटं बोलत होते.”

“साठ वर्षं?”

“एकदा बोलल्यावर मग चालू ठेवावं लागतं, बाई.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंचे कान लाल झाले, पण आता तोंड उघडलंच होतं. “जानेवारी होता. विमान स्कीवर, म्हणजे बर्फावर घसरायच्या पट्ट्यांवर, गोठलेल्या तळ्यावर उभं. रंग स्टोव्हवर गरम करायचा, दोन अक्षरं ओढायची, की डब्यात पुन्हा घट्ट. समोर तळ्याचा काठ दिसत होता, त्याची रेघ धरून मी नाव ओढलं. सरळ. अगदी सरळ. मे महिन्यात स्की काढून फ्लोट लावले, आणि सगळ्या गावादेखत नाव निघालं आभाळात.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मॉड म्हणाली, आणि हॉल खदखदला.

प्रेंटिसही हसले, पण त्यांनी मान हलवली. “बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण नुसत्या सांगण्यावर गुण देता येत नाहीत मला.”

रोलंडनं फोटो पाकिटात घातला. “असू दे, मावशी. तुम्ही भेटलात तेच खूप झालं.” तो हे मनापासून म्हणत होता, आणि त्यामुळेच बाईंना ते सहन होईना. मॉडेलशेजारी त्यानं किटचा माहितीचा कागद उलगडून ठेवला होता. त्याच्या एका कोपऱ्यात हेच विमान स्कीवर उभं काढलेलं होतं. नाक वर, शेपटी बर्फाला टेकलेली.

बाई त्या चित्राकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून पेपरमिंटची चपटी डबी काढली.

“रोलंड, ही घे. फ्लोटच्या पुढच्या टोकांखाली सरकव.”

दुसऱ्याच्या मॉडेलला इथं कुणी बोट लावत नाही, म्हणून हे त्यालाच करावं लागलं. डबी आत गेली, नाक उचललं गेलं, शेपटी खाली आली. त्यानं डबी जराशी मागे घेतली, कागदावरच्या चित्राकडे पाहिलं, पुन्हा केसभर पुढे सारली. विमान आता चित्रासारखं उभं राहिलं.

प्रेंटिस गुडघ्यावर बसले. डोळा टेबलाच्या पातळीला आणला. खिशातली पोलादी पट्टी टेबलावर उभी धरून त्यांनी पहिल्या अक्षराखालची उंची मोजली, मग शेवटच्या अक्षराखालची. पहिल्या अक्षराकडे परत गेले. पुन्हा शेवटच्याकडे.

मॉडही टार्ट विसरून पुढे वाकली.

“सरळ आहे,” ते म्हणाले. “केसाचाही फरक नाही.” आणि तिथंच, गुडघ्यावर बसल्या बसल्या, त्यांनी रोलंडच्या गुणपत्रकावर एक आकडा लिहिला. रोलंडनं तो उलटा वाचला आणि बाईंना मिठीच मारली. बाईंचा चष्मा वाकडा झाला. त्यांनी तो तसाच राहू दिला आणि त्याच्या खांद्यावरून नणंदेकडे पाहिलं.

“बघितलंस, मॉड? अंगणच वाकडं होतं.”